बिनमिशीचे ओव्हाळ सर

ओव्हाळ सरांची आणि माझी ओळख लोणावळा स्टेशनच्या नळापाशी झाली. त्यांनी मला तिथं तोंड धुवायला पाठवलं होतं.

नोकरीचा पहिला दिवस होता माझा. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या नाकात दिवसभरात किती धूळ जाते, हे मोजून देणाऱ्या पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी नुकतीच लागले होते. मी लोणावळ्याची, म्हणून सकाळी स्टेशनबाहेर उभी राहा, ओव्हाळ सर गाडी घेऊन येतील, असा निरोप होता. नवा ड्रेस, केसांना क्लिप, तोंडाला जराशी पावडर, अशी मी नटून उभी. गाडीतून एक सडपातळ, सावळे, पन्नाशीचे गृहस्थ उतरले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "गालाला काय लावलंय?"

"पावडर."

"धुऊन या."

मी बघतच राहिले. पहिल्या दिवशी, भर रस्त्यात, परक्या पुरुषानं असं बोलायचं?

"अहो ताई, आपण धूळ मोजायला निघालोय. तुमच्या गालावरची मोजून आणली, तर कुणाला तोंड दाखवायचं?"

डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! पण नोकरी नवी होती. धुतलं तोंड. परत आले तर म्हणाले, "पर्समध्ये डबी असेल." होती. ती त्यांनी गाडीच्या कप्प्यात टाकून कुलूप लावलं. संध्याकाळी घरी गेल्यावर मी आईला सांगितलं, "असला संशयी माणूस मी जन्मात बघितला नाही गं." पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्याबरोबर मावळभर फिरले आणि ते मत मला कधी बदलावं लागलं नाही.

ओव्हाळ सर मूळचे आंदर मावळातले. चेहऱ्यात लक्षात राहण्यासारखं काही नव्हतं, फक्त मिशी नव्हती. आता मिशी नसणं पुण्यामुंबईत कुणाच्या लक्षातही येत नाही. पण आमच्या मावळात त्यांच्या वयाचा माणूस ओठ असा गुळगुळीत करून दिसला, की लोक आवाज उतरवून विचारतात, "कोण गेलं?" बाप गेल्याशिवाय मिशी कोण काढतो! सरांना हा प्रश्न दर गावात यायचा. वडिवळ्याच्या फाट्यावर चहावाल्यानं विचारला, कामशेतच्या पंक्चरवाल्यानं विचारला. सरांचं उत्तर ठरलेलं.

"कुणी न्हाई गेलं. जाऊ नये म्हणून काढलीय."

विचारणारा गोंधळून जायचा. मग सर बॅगेतून मास्क काढून तोंडाला लावून दाखवायचे. मिशी असली की मास्क ओठावर चिकटून बसत नाही, बारीक फट राहते, आणि बारीक धूळ त्याच फटीतून आत जाते. म्हणून ते कामाच्या दिवशी घरून दाढी करून निघायचेच, वर दुपारी जेवल्यावर गाडीच्या आरशात बघून पुन्हा एकदा वस्तरा फिरवायचे. हाताखालच्या पोरांच्या ओठावरून ते सकाळी बोटाची मागची बाजू उलटी फिरवून बघत. "खुंट लागतायत," म्हणाले, की त्या पोरानं गुपचूप आरशाकडे जायचं.

आमचं काम ऐकायला सोपं. कामगाराच्या कमरेला पट्ट्यानं एक छोटा पंप बांधायचा. पंपाची नळी पाठीवरून खांद्यावर आणायची आणि तिच्या टोकाची डबी कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरावर अडकवायची. माणूस श्वास घेतो तिथलीच हवा पंप दिवसभर ओढत राहतो. डबीतल्या गोल कागदावर धूळ बसते. तो कागद प्रयोगशाळेत जातो, तिथं त्याचं वजन होतं आणि त्यात सिलिका, म्हणजे फुप्फुस कुरतडणारी गारगोटीची भुकटी, किती ते कळतं. झालं. आणि ह्या 'झालं'मध्ये माणसं काय काय लबाड्या करतात, त्याची सगळी यादी सरांच्या डोक्यात होती.

कारखान्यात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "कोण झाडून गेलं?" मॅनेजर हसून म्हणायचा, "आमच्याकडे रोजच स्वच्छता असते साहेब." सर फरशीकडे बघायचेच नाहीत. स्टूल मागवायचे, वर चढायचे आणि ट्यूबलाइटच्या पट्टीवरून बोट फिरवून ते बोट मॅनेजरच्या नाकासमोर धरायचे. "खाली झाडलंत. वर कोण झाडणार?" एका ठिकाणी त्यांनी दगड दळायच्या मिलच्या अंगावर हात ठेवला आणि गार लागला म्हणून आम्हाला गाडीत बसवून परत आणलं. आमच्यासाठी मिल बंद ठेवली होती आणि रिकामे पट्टे नुसते फिरवत होते. कंपनीचा चहा ते प्यायचे नाहीत. कुणी गाडीत चिक्कीचा पुडा ठेवला तर तो गेटवरच्या वॉचमनला देऊन टाकायचे. "लोणावळ्याच्या बाईला चिक्की कसली देताय," असं वर माझ्याकडे बघून म्हणायचे. म्हणजे संशय माझ्यावरही होताच.

त्यांचा संशय स्वतःवरसुद्धा असायचा, हे मात्र मला कबूल करायला हवं. दर खेपेला एक कोरा कागद ते नुसताच बरोबर न्यायचे आणि न वापरता परत आणायचे. त्याचंही वजन करायचं. त्याच्यावर धूळ सापडली तर चूक आमची, आमच्या हातांची. "दुसऱ्याला चोर म्हणायच्या आधी आपला खिसा तपासावा," असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. त्यांचे वडील गारगोटी फोडायच्या कामाला होते. खोकला लागला. टीबी म्हणून औषधं दिली, बरं वाटेना म्हणून पुन्हा टीबीचीच दिली. "आमच्या बापाला कुणी कधी मशीन लावलं न्हाई," ते म्हणाले. "लावलं असतं तर निदान कशानं मेला ते तरी कळलं असतं." एवढं बोलून त्यांनी ड्रायव्हरला टायरमधली हवा तपासायला सांगितलं.

आता कामशेतच्या बाजूच्या पावडर कंपनीची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत.

तिथं गारगोटी दळून पीठ करायचे, मैद्याहून बारीक. ते पोत्यात भरायच्या तोंडाशी दत्ता नावाचा तिशीतला गडी उभा असायचा. भरघोस मिशी, हसरा चेहरा आणि सकाळी सकाळी येणारा कोरडा खोकला. शेजारी त्याची आई, शेवंता मावशी, भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायला बसायची. तिचा नवरा ह्याच पोत्यांपाशी उभा राहायचा. तोही टीबीची औषधं खाऊन गेलेला. सरांनी दत्ताचा खोकला ऐकला आणि त्यांचा चेहरा असा उतरला, की मीही घाबरले.

त्या दिवशी मी सरांना मॅनेजरशी क्रशरच्या मागे कोपऱ्यात हळू आवाजात बोलताना पाहिलं. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. चहा न पिणारा माणूस कोपऱ्यात काय पितो, कुणी सांगावं!

दत्ताला पंप बांधला. सरांनी दम भरला, "ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. कुणी म्हंजे कुणीच न्हाई. हात लागला तर मला कळतं." शेवंता मावशीनं भेदरून मान हलवली.

निकाल आला तो बघून आम्ही चाट पडलो. जिथं समोरचा माणूस धूसर दिसतो तिथला आकडा आला कायद्यानं घातलेल्या मर्यादेच्या आत, छान, गुणी बाळासारखा! सरांनी निकाल मानलाच नाही. न कळवता पुन्हा गेलो. पुन्हा तेच. पंपाचा ओढा, म्हणजे तो हवा किती ओढतो ते, सकाळी तपासलं होतं, संध्याकाळी तपासलं, दोन्ही वेळा ठीक. सर दिवसभर फेऱ्या मारत होते, तेव्हा पंप दत्ताच्या कमरेलाच होता. कोरा कागदही कोरा.

"मशीन लय चकचकीत परत आलंय," सर पंप उलटसुलट करत पुटपुटले. "धुळीत राहून इतकं चकचकीत?"

परतीच्या वाटेवर गाडीत एकदम म्हणाले, "कागद बदलायला डबी फक्त दोघांनाच उघडता येते. मला आणि तुम्हाला."

बास! माझा पारा असा चढला की ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. "माझ्यावर संशय? मी कागद बदलले? आणि तुम्ही क्रशरमागं मॅनेजरशी काय कुजबुजत होता? मी बघितलं नाही असं वाटलं का तुम्हाला?"

वाटलं, आता हा माणूस मला इथंच उतरवणार. पण त्यांचा चेहरा उलट खुलला.

"बघितलंत? शाबास! घ्यायलाच पायजे संशय," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "त्या पोराला पोत्यांवरनं हलव, म्हणून सांगत होतो. मॅनेजर म्हणतो, आकडा आणा. आकडा मर्यादेच्या वर आला तर पोत्यांच्या तोंडावर धूळ ओढणारा हूड बसवतो. नाहीतर कशाला बसवू? आता हा असला आकडा घेऊन मी त्याच्याकडं कोणत्या तोंडानं जाऊ? पोरगं बापाच्या वाटेला लागलंय ताई."

मला माझा राग गिळावा लागला. पण खरं सांगते, तो पूर्ण गिळला गेला नाही. आजही आठवला की घशाशी येतो.

तिसऱ्यांदा गेलो. सरांनी मला मुद्दाम क्रशरकडे पाठवलं आणि स्वतः "ऑफिसात जातो" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून मास्क लावून भरलेल्या पोत्यांच्या थप्पीमागं दडून बसले. आता हे वय काय, हुद्दा काय! पण संशयाला कुठं वय असतं?

थोड्या वेळानं त्यांचा ओरडा मला क्रशरच्या आवाजातही ऐकू आला. धावत गेले. अंगभर पांढरे झालेले सर उभे, त्यांच्या मुठीत शेवंता मावशीचं मनगट, आणि दत्ताच्या कॉलरवरच्या त्या डबीच्या तोंडाला कापड बांधलेलं. पाण्यात भिजवलेलं, चार घड्या घातलेलं, वर दोऱ्यानं घट्ट आवळलेलं. माठाच्या तोंडाला बांधतात ना, अगदी तसं.

"कुणी सांगितलं हे?" सर दरडावत होते. "मॅनेजरनं? किती दिवस चाललंय? बोला!"

मावशीला काही समजेना. "म्यानेजर कशाला सांगंल बाबा? मीच बांधती. रोजच बांधती, तुमी आला की."

"का?"

"आवं, का म्हंजे? एवढं महागाचं मशीन तुमचं! दुसऱ्याची वस्तू, आन अशी धुळीत उघडी ठिवायची व्हय? खराब झालं तर? हितं समदंच झाकून ठिवतो आमी. मोबाईल पिशवीत, डबा फडक्यात. तुमी म्हनला हात लावायचा न्हाई, म्हून तुमी येताना दिसला की सोडायची. जाताना पुसून बी द्यायची पदरानं. लोकाचं भांडं कुनी खरकटं परत देतं का?"

सरांनी तिचं मनगट सोडलं. कापडानं धूळ अडवली होती. पंप बिचारा जोर लावून ओढत राहिला, म्हणून ओढा बरोबर दिसत होता. महिनाभर आम्ही मालकावर, मॅनेजरवर, सुपरवायझरवर, एकमेकांवर संशय घेतला होता. ह्या बाईवर घ्यावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आणि तिनं आम्हाला सांगितलं का नाही? तर सरांच्या त्या दमामुळे.

सर पोत्यावर मटकन बसले. दत्ताकडे बघत राहिले. त्याच्या तोंडाला एक गमछा होता, सैल, नाकावरून घसरलेला, मिशीवर पीठ साचलेलं.

"मावशी," ते म्हणाले, "मशीनला फट ठेवली नाहीत. आन ह्याला?"

"त्याला काय हुतंय," मावशी म्हणाली. "त्याला सवय हाय."

बोलून गेली आणि तिचं तिलाच ऐकू आलं असावं. ती लेकाकडे बघायला लागली. दत्ता नेमका तेव्हाच खोकला. मावशीनं पुढं होऊन डबीवरचं कापड ओढून काढलं आणि हातात धरून उभी राहिली, ते कुठं बांधावं हे कळत नसल्यासारखी. मला तर रडूच आलं.

"मशीन होऊ द्या खराब," सर म्हणाले. "ते खराब व्हायलाच आणलंय."

पुन्हा नवा कागद घालून दिवसभर मोजलं. ह्या वेळी आकडा आला तो मर्यादेच्या कितीतरी पट. मॅनेजर म्हणाला, तुमची मशीनं बिघडली आहेत. सर म्हणाले, "मग आणखी कुणाची आणा, मी त्यांच्याही शेजारी उभा राहतो." त्यांनी इतक्या चकरा मारल्या, इतकी डोकेफोड केली, की शेवटी हूड बसला. हूड बसल्यावर खूश व्हायचं सोडून ह्यांना नवा संशय. वीज वाचवायला कंपनीवाले तो बंद ठेवणार! मग त्यांनी शेवंता मावशीकडून तेच कापड मागून घेतलं, त्याची एक लांब चिंधी फाडली आणि हूडच्या काठाला बांधली. "चिंधी आत ओढली जातीय तोवर पोतं भरायचं. लोंबायला लागली की हात वर, काम बंद." ते काम मावशीकडे दिलं. पुढे एकदा चिंधी लोंबली, तर मावशीनं सुई खाली ठेवून सगळी पोती अडवली, म्हणे. सुपरवायझर ओरडला, ती त्याच्या वरताण ओरडली. सरांनी हे मला तीनतीनदा सांगितलं.

हूड झाला, मास्कही आले, आणि खरं भांडण तिथं सुरू झालं. मास्क बसायचा तर मिशी जायला हवी. गडी चिडले. "बाप जिता हाय माझा, आन मी मिशी काढू?" एक जण तर अंगावर आला. गावातून कसं फिरायचं, सोयरेधायरे काय म्हणतील? सरांनी आपला गुळगुळीत ओठ दाखवला. "तुमच्यात नसंल तसलं काय. आमच्यात आसतं," एक जण पटकन बोलला. सर बौद्ध, गडी बरेचसे मराठा. सरांनी ते ऐकलं, गिळलं आणि शांतपणे म्हणाले, "बाप जिता आहे ना? मग त्याला पोराची तिरडी धरायला लावू नका."

दत्ता पुढं झाला. "माझा तर गेलाच हाय," म्हणाला. दुसऱ्या दिवशी मिशी काढून आला. मावशीनं त्याच्याकडे बघून पदर डोळ्यांना लावला, कारण नवरा गेला तेव्हाच लेकाचा असा ओठ तिनं पाहिला होता. मग हळूहळू एकेक जण आला. सर जेव्हा जेव्हा त्या वाटेनं जात, तेव्हा गेटवर थांबून प्रत्येकाच्या ओठावरून बोट उलटं फिरवत. "खुंट लागतायत." दत्ताच्या छातीचा फोटो दरवर्षी ते स्वतः उजेडात धरून बघत आणि डॉक्टरवर विश्वास नाही म्हणून आणखी एका डॉक्टरला दाखवत. फोटो स्वच्छ होता. तरी त्यांना खात्री वाटायची नाही.

निवृत्त झाल्यावरही त्यांचं चालूच होतं. आणि मग अचानक त्यांच्या मुलीचा फोन आला. हृदयविकार, दोन दिवस दवाखान्यात, आणि संपलं. माझा पहिला विचार काय आला सांगू? नक्की हृदयच ना? नीट तपासलं ना? त्यांनीच लावलेली सवय, दुसरं काय.

आंदर मावळात त्यांच्या गावी आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. पांढऱ्या कपड्यांत घरची मंडळी, बुद्धवंदना संपत आलेली. तेवढ्यात एक टेम्पो चढ चढून आला आणि पावडर कंपनीतले गडी उतरले. शेवंता मावशी पुढं, मागं दत्ता. एकेक करून ते सरांच्या पायाशी गेले.

मीही वाकून पाहिलं. दवाखान्यातल्या दोन दिवसांत सरांच्या ओठावर पांढरी खुंटं उगवली होती. इतक्या वर्षांत मी ती पहिल्यांदा बघत होते. दत्तानं पुढं होऊन बोटाची मागची बाजू त्यांच्या ओठावरून हळूच उलटी फिरवली.

गडी एका कडेला रांगेनं उभे राहिले. एकाच्याही ओठावर मिशी नव्हती. गावातला एक म्हातारा कितीतरी वेळ त्यांच्याकडे निरखून बघत होता. शेवटी त्यानं शेवंता मावशीला हळूच विचारलं, "बाई, ह्या समद्यांच्या घरचं कोन गेलं?"

मावशीनं सरांकडे हात केला.

"ह्योच की," ती म्हणाली.